लमेटा गट : जीवाश्म आणि स्तर यांच्यातील एक वाद

मध्य प्रदेशात जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी असलेल्या लमेटा घाटावरून ज्या खडकांना नाव मिळाले, त्या लमेटा गटाची जाडी बहुतेक ठिकाणी काही मीटरपासून काही दशक मीटरांपर्यंतच भरते. तरीही भारतातील डायनोसॉरविषयी जे काही ज्ञात आहे, त्याचा फार मोठा भाग याच थरांतून आलेला आहे. हे गाळाचे खडक आहेत, म्हणजे वाहत्या किंवा साचलेल्या पाण्यातील वाळू, चिखल व चुना एकावर एक साचून, दबून आणि घट्ट होऊन ते बनले आहेत. त्यांचा काळ क्रिटेशस कल्पाचा अगदी शेवटचा, मास्ट्रिख्टियन नावाचा टप्पा मानला जातो, जो सुमारे 7 कोटी 20 लाख वर्षांपूर्वी सुरू होऊन 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी संपला. या थरांच्या माथ्यावर दख्खनच्या लाव्हाचे, म्हणजे दक्षिण ट्रॅपचे काळे बेसाल्ट पसरलेले असल्यामुळे त्यांना ‘ट्रॅपखालचे थर’ असेही म्हणतात, आणि जिथे जिथे हा बेसाल्ट झिजून त्याची कड उघडी पडली आहे, तिथे गुजरातमधील बालासिनोरपासून मध्य प्रदेशातील धार, सागर व जबलपूरपर्यंत, छत्तीसगडमधील अंबिकापूरच्या बाजूला आणि महाराष्ट्रात नागपूर व चंद्रपूर जिल्ह्यांत, ते तुकड्यातुकड्यांनी दिसतात.

या थरांचे महत्त्व नेमके कशात आहे, याविषयी अभ्यासकांत दोन दृष्टी आढळतात. एका दृष्टीने लमेटा म्हणजे तिथे मिळालेली हाडे, अंडी आणि इतर जीवाश्म, तर दुसऱ्या दृष्टीने लमेटा म्हणजे प्रथम एक खडक, ज्याचा पोत, क्रम आणि विस्तार समजल्याशिवाय त्यातील हाडाला अर्थ येत नाही. या दोन दृष्टींना जीवाश्मविद आणि स्तरविद अशा दोन कल्पित अभ्यासकांच्या मुखी घालून हा वाद पुढे मांडला आहे. स्तरविद म्हणजे खडकांच्या थरांचा क्रम, त्यांची निर्मिती आणि त्यांचे वय यांचा अभ्यास करणारा.

जीवाश्मविद : लमेटाची कीर्ती जीवाश्मांमुळे झाली, हे ऐतिहासिक सत्य प्रथम मान्य व्हावे. कॅप्टन विल्यम स्लीमन यांना जबलपूरच्या छावणीजवळील बारा सिमला टेकडीत 1828 मध्ये प्रचंड आकाराचे मणके मिळाले, तेव्हा ‘डायनोसॉर’ ही संज्ञाही अस्तित्वात नव्हती. रिचर्ड ओवेन यांनी ती 1842 मध्ये रूढ केली. ते मणके कलकत्त्याला पोहोचले, आणि रिचर्ड लायडेकर यांनी 1877 मध्ये बारा सिमल्याच्या शेपटीच्या मणक्यांवरून ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. आज जगातील लांब मानेच्या, शाकाहारी, महाकाय डायनोसॉरांच्या एका मोठ्या कुळाला टायटॅनोसॉर म्हणतात, ते याच नावावरून. ज्या खडकाने एका जागतिक कुळाला नाव दिले, त्याची ओळख त्याच्या हाडांवरून होणे स्वाभाविकच आहे.

स्तरविद : उदाहरण आपण उत्तम निवडले, परंतु ते आपल्या पक्षाला फारसे उपकारक नाही. जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी 2003 मध्ये टायटॅनोसॉरसच्या सर्व नमुन्यांची फेरतपासणी केली, तेव्हा लायडेकरांना जी लक्षणे वैशिष्ट्यपूर्ण वाटली होती, ती पुढे सापडलेल्या अनेक प्राण्यांत आढळत असल्याचे स्पष्ट झाले आणि मूळ नाव संशयास्पद, म्हणजे कोणत्याही एका प्रजातीला निश्चितपणे लावता न येणारे ठरले. कुळाचे नाव उरले आणि ज्याच्यावरून ते पडले, तो प्राणीच यादीतून गेला. चार्ल्स मॅटली यांच्या ‘लमेटासॉरस’ची कथा याहून बोलकी आहे. त्यांनी 1923 मध्ये कटीची हाडे, पायाचे हाड आणि कातडीतील हाडांच्या ढाली एकत्र करून चिलखतधारी शाकाहारी डायनोसॉर वर्णिला, पण पुढील अभ्यासकांना त्यात मांसाहारी प्राण्याची हाडे आणि बहुधा टायटॅनोसॉराच्या ढाली यांची सरमिसळ दिसली. एका जागी मिळालेली हाडे एका प्राण्याची असतीलच असे नाही. ती तिथे कशी जमली, हे थर सांगतो.

जीवाश्मविद : या चुका शंभर वर्षांपूर्वीच्या आहेत आणि त्या दुरुस्त झाल्या, त्याही हाडांच्याच तुलनेने. टायटॅनोसॉरसची लक्षणे सर्वसामान्य आहेत हे कळले, कारण दक्षिण अमेरिका, मादागास्कर आणि इतरत्र अधिक हाडे मिळाली. शिवाय जुन्या नमुन्यांचे मूल्य संपत नाही. स्लीमन यांच्या हाडांपैकी हरवलेला मानला गेलेला एक मणका 2012 मध्ये कोलकात्याच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहातच पुन्हा ओळखला गेला, आणि त्यामुळे जुन्या वर्णनाची प्रत्यक्ष पडताळणी शक्य झाली. हाड जपले, तर चूक सुधारण्याची वाट खुली राहते.

स्तरविद : वाट खुली राहते, पण किती अंतरापर्यंत, हा प्रश्न आहे. मॅटली यांनी बारा सिमल्याला 1917 ते 1919 या काळात खोदकाम केले आणि त्यातील मांसाहारी डायनोसॉरांच्या थरातून निघालेल्या सुट्या हाडांवरून फ्रेडरिक फॉन ह्यूने व मॅटली यांनी 1933 च्या ग्रंथात इंडोसॉरस, इंडोसूकस, लेव्हिसूकस, जबलपुरिया अशी अनेक नावे दिली. काही नावे तर मोजक्या मणक्यांवर उभी आहेत. आज त्यांतील कोणती हाडे एकाच सांगाड्याची होती, हे ठरवायचे, तर प्रत्येक हाड थरात कोणत्या जागी आणि कोणत्या हाडाशेजारी पडले होते याची नोंद हवी, आणि तीच पुरेशी उपलब्ध नाही. संग्रहालयातील हाड कितीही जपले, तरी त्याच्या जागेची न केलेली नोंद पुढे निर्माण करता येत नाही.

येथे वादाची पहिली गाठ दिसते. जीवाश्मविदाच्या लेखी हाड हा स्वतंत्र पुरावा आहे, कारण त्याची घडण इतर हाडांशी ताडून पाहता येते. स्तरविदाच्या लेखी हाड हा थराचाच एक घटक आहे. हा भेद नावांपुरता राहिला असता, तर तो तज्ज्ञांच्या अंतर्गत वादात मोडला असता. परंतु लमेटाचे प्राणी कुठल्या भूमीवर जगत होते, या मूलभूत प्रश्नावरच अभ्यासकांमध्ये दीर्घकाळ मतभेद होता, आणि तिथे दोन्ही पुराव्यांची कसोटी लागली.

स्तरविद : जबलपूर येथे मॅटली यांनी थरांचा जो क्रम लावला, तो आजही वापरला जातो. तळाशी हिरवा वालुकाश्म, त्यावर खालचा चुनखडक, त्यावर विविधरंगी ठिपक्यांचे गाठाळ थर, मग वरचा चुनखडक आणि सर्वांत वर वरचा वालुकाश्म, असा तो आहे. चुनखडक पाहिला की समुद्राची आठवण होणे साहजिक आहे, कारण जगातील बहुतेक चुनखडक समुद्रातच साचले आहेत. त्यातच वालुकाश्मात फांद्याफांद्यांनी पसरलेल्या बिळांचे ठसे मिळाले, जे खेकड्यांसारख्या कवचधारी समुद्री प्राण्यांच्या बिळांशी जुळतात. या आधारावर इंद्रबीर सिंग यांनी 1981 मध्ये जबलपूरचे लमेटा थर किनाऱ्यावरील भरती-ओहोटीच्या पट्ट्यात साचल्याचे मांडले. याच नर्मदा खोऱ्यात धारजवळ बाघ थर आहेत; ते लमेटाहून जुने असून त्यांत शंखशिंपले व अमोनाइट यांसारखे निर्विवाद समुद्री जीवाश्म मिळतात, त्यामुळे क्रिटेशस काळात समुद्राचा फाटा या खोऱ्यात शिरला होता, याविषयी दुमत नाही. समुद्रपक्षाची बाजू अशी भक्कम होती.

जीवाश्मविद : भक्कम होती, पण जीवाश्मांनीच तिला छेद दिला. बालासिनोर परिसरातून 1980 च्या दशकाच्या आरंभी डायनोसॉरची अंडी नोंदली गेली, पुढे जबलपूरच्या खालच्या चुनखडकातही ती मिळाली, आणि अंडी कोणी समुद्रात घालत नाही. डायनोसॉरच्या अंड्याच्या कवचात हवा खेळण्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात, त्यामुळे पाण्याखाली त्यातील गर्भ गुदमरून जाईल. लमेटाच्या चुनखडकात गटागटाने पडलेली गोल अंडी हाच जमिनीचा पुरावा आहे; त्यासाठी स्तरशास्त्राची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

स्तरविद : कारण होते, कारण अंड्यांवरून समुद्र बाद होतो, पण समुद्रकिनारा बाद होत नाही. भरतीच्या रेषेच्या वर वाळूत घरटी करणारा प्राणीही जमिनीवरच अंडी घालतो, आणि किनाऱ्यावरील घरट्यांचा विचार अभ्यासकांनी गांभीर्याने केलेला आहे. प्रश्नाचा निकाल चुनखडकाच्या पोताने लावला. मायकेल ब्रुकफील्ड आणि अशोक साहनी यांनी 1987 मध्ये, तसेच संपतकुमार टंडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 पासूनच्या लेखांत दाखवून दिले, की या चुनखडकाचा मोठा भाग पाण्याच्या तळाशी साचलेलाच नाही, तर तो मातीत तयार झाला आहे. अर्धकोरड्या हवामानात पावसाचे पाणी मातीत चुना विरघळवते आणि उन्हाळ्यात ते उडून गेल्यावर तो चुना खड्यांच्या रूपाने मागे उरतो. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत नांगराला लागणारे चुनखडीचे खडे याच क्रियेने बनतात. लमेटाच्या थरांत असे खडे, ते एकमेकांना चिकटून झालेले सलग पापुद्रे, मुळांच्या वाटा, सुकून पडलेल्या आणि पुन्हा वाळूने भरलेल्या भेगा दिसतात. ही सारी जुन्या जमिनीची, म्हणजे प्राचीन मृदेची लक्षणे आहेत. अधूनमधून उथळ दलदल होणारे आणि मग सुकून जाणारे पूरमैदान, असे जे चित्र आज बहुसंख्य अभ्यासक स्वीकारतात, ते खडकाच्या सूक्ष्म पोतावरून उभे राहिले आहे.

जीवाश्मविद : मग बिळांचे काय? समुद्री प्राण्यांची मानलेली बिळे त्याच वालुकाश्मात अजूनही आहेत, आणि समुद्री प्रभावाची बाजू मांडणारे लेख नंतरही आले आहेत.

स्तरविद : म्हणूनच ‘लमेटा’ हे एकच नाव सर्व तुकड्यांना लावताना सावध राहावे लागते. बिळाचा आकार ते करणाऱ्याचे वर्तन सांगतो, त्याची जात सांगेलच असे नाही, आणि गोड्या पाण्यातील कवचधारी प्राणीही फांद्या असलेली बिळे करतात. तरीही एखाद्या थरापर्यंत समुद्राचे पाणी कधीच पोहोचले नाही, असा सरसकट दावा करणे योग्य नाही. पुढच्या काळात, लाव्हाच्या प्रवाहांच्या मधल्या गाळात, छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथे गेर्टा केलर व त्यांच्या सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या फोरामिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचे मिळाली, आणि मध्य भारताच्या इतक्या आत समुद्राचा फाटा पोहोचला असावा हे 2009 मध्ये पुढे आले. लमेटाचे निक्षेप निदान पाच वेगवेगळ्या अंतर्गत खोऱ्यांत साचले, असे धनंजय मोहबे आणि सहकाऱ्यांचे प्रतिपादन आहे. त्यांत नांद-डोंगरगाव, जबलपूर, सागर, अंबिकापूर-अमरकंटक आणि बालासिनोर-झाबुआ ही खोरी येतात. ही एकसंध चादर नसून एकाच काळाच्या आसपास, सारख्या हवामानात, वेगवेगळ्या नद्यांनी आणि तळ्यांनी भरलेली स्वतंत्र खोरी आहेत.

जीवाश्मविद : हे मान्य केले, तरी घरट्यांचा प्रश्न उरतोच, आणि तिथे जीवाश्म थरापेक्षा पुष्कळ पुढे जातो. गुजरातमधील ढोली डुंगरी येथे मोहबे यांनी 1984 मध्ये एक शिळा मिळवली आणि त्यातील अंडी व पिल्लाचे वर्णन 1987 मध्ये केले. विल्सन यांनी 2001 मध्ये ती शिळा पाहिली, तेव्हा पिल्लाची समजल्या गेलेल्या काही हाडांत सापाच्या मणक्यांची ठेवण त्यांच्या ध्यानात आली. शिळा काळजीपूर्वक साफ केल्यावर फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि जवळच सुमारे अर्धा मीटर लांबीचे टायटॅनोसॉरचे पिल्लू स्पष्ट झाले. हा साप ‘सनाजे इंडिकस’ या नावाने 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. डायनोसॉरच्या घरट्यावर साप टपून असत, हे कोणत्याही मातीच्या पोतावरून कळले नसते. ते हाडांच्या घडणीचे बारकावे ओळखणाऱ्या नजरेनेच कळले.

स्तरविद : नजर हाडांची होती, परंतु पुरावा शिळेचा होता. साप, अंडी आणि पिल्लू हे तिन्ही एकाच गाळात, आपल्या मूळ जागी अडकलेले असल्यामुळेच त्यांचा परस्परसंबंध जोडता आला. हीच हाडे झिजून सुटी झालेली, शेतात वेगवेगळ्या ठिकाणी वेचलेली असती, तर सापाचे मणके एका पेटीत, कवचे दुसऱ्या पेटीत गेली असती, आणि तिन्ही प्राणिजीवनाचे स्वतंत्र नमुने ठरले असते. वाळूमिश्रित चिखलाचा लोंढा एकदम येऊन घरटे झाकले गेले असावे, असा जो निष्कर्ष निघाला, तो तर सरळ गाळाच्या स्वरूपावरून निघाला. ‘राजासॉरस’चे उदाहरणही असेच आहे. बालासिनोरजवळील रैयोली येथे 1980 च्या दशकाच्या पूर्वार्धात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खोदकाम केले, तिथे शाकाहारी आणि मांसाहारी प्राण्यांची हाडे मिसळलेली होती. सुरेश श्रीवास्तव यांनी ती जमिनीवर जशी पडली होती, तसा नकाशा काढून ठेवला. सुमारे वीस वर्षांनी कवटीचा भाग, मणके, कटी आणि मागचे पाय यांची जोडणी करताना तो नकाशा कामी आला, आणि 2003 मध्ये ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हा मादागास्करमधील माजुंगासॉरसच्या नात्यातील मांसाहारी डायनोसॉर नव्या नावाने मांडता आला. मॅटली यांच्या लमेटासॉरसची सरमिसळ आणि राजासॉरसची उकल यांत हाडांच्या प्रतीपेक्षा नोंदीचा फरक अधिक आहे.

जीवाश्मविदाला येथे माघार घ्यावी लागली असे वाटेल. पण त्याचा सर्वांत बळकट दाखला याच्या नेमका उलट, म्हणजे थरातून सुटून शेतात पसरलेल्या वस्तूंचा आहे, आणि तो महाराष्ट्रातील आहे.

जीवाश्मविद : चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा हे गाव आहे. नागपूरचे मिशनरी आणि भूवैज्ञानिक स्टीफन हिस्लॉप यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, तेथील लाल चिकणमातीतून हाडे वेचली गेली आहेत. तिथे टायटॅनोसॉर आणि कासवे यांच्या हाडांबरोबर विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठा, फार मोठ्या संख्येने मिळते, आणि ती बहुतांशी झिजून सुटी झालेली, नांगरलेल्या शेतांच्या पृष्ठभागावर मिळते. याच विष्ठाश्मांच्या तपासणीतून वंदना प्रसाद, कॅरोलाइन स्ट्रॉमबर्ग, हबीब अलिमोहम्मदियान आणि अशोक साहनी यांनी 2005 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला, ज्याने वनस्पतींच्या इतिहासातील एक रूढ कल्पना मोडली. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण तयार होतात, ज्यांचा आकार वनस्पतीच्या गटानुसार ठरलेला असतो आणि जे पचनातही टिकतात. पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांत इतर झाडांच्या कणांबरोबर निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण मिळाले, त्यांत भात व बांबू यांच्या नातेवाइकांशी जुळणारेही होते. त्याआधी गवते डायनोसॉरांच्या अंतानंतरच विविध झाली असे समजले जात असे. आखीव नकाशा नव्हता, घरट्याची शिळा नव्हती, तरीही प्रश्नाला उत्तर मिळाले.

स्तरविद : हा दाखला खरोखर वजनदार आहे आणि तो टाळता येणार नाही. विष्ठाश्माच्या आत अडकलेले कण हे स्वतःच एक बंद पेटी आहेत. तो दगड शेतात हातभर सरकला, तरी आतील पुराव्यात फरक पडत नाही. मात्र निष्कर्षाचा अर्धा भाग तरीही थरातूनच आलेला आहे. पिसदुऱ्याच्या कणांनी खळबळ उडवली, ती तो दगड मास्ट्रिख्टियन थरांचा आहे, हे आधीच ठरलेले असल्यामुळे. ह्यूने आणि मॅटली यांनी 1933 मध्ये लमेटाला ट्युरोनियन, म्हणजे सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वीच्या टप्प्यात बसवले होते. त्यांचा आधार डायनोसॉरांच्या इतर देशांतील सारख्या प्राण्यांशी केलेल्या तुलनेचा होता. पुढे खडकांत टिकून राहिलेल्या प्राचीन चुंबकीय दिशा, परागकण, माशांचे दात आणि वरच्या लाव्हाची किरणोत्सर्गी कालमापने यांनी ते वय जवळपास दोन कोटी वर्षांनी अलीकडे आणले. हाडांच्या साधर्म्यावरून ठरवलेले वय चुकले, आणि थरांच्या स्थानावरून ठरवलेले टिकले.

जीवाश्मविद : यातील परागकण आणि दात हेही जीवाश्मच आहेत, हे आपण सोयीने विसरता.

स्तरविद : विसरण्याचे कारण नाही, ते क्रमवार थरांतून, खालून वर असे गोळा केलेले जीवाश्म आहेत, एवढाच त्यांच्या आणि वेचीव हाडाच्या प्रामाण्यात फरक आहे.

येथपर्यंत दोघांतील अंतर बरेच कमी झालेले दिसते. उरलेला आणि सर्वांत मोठा प्रश्न डायनोसॉरांच्या अंताचा होता, कारण लमेटाच्या वरच लाव्हा सुरू होतो आणि प्राण्यांच्या मोठ्या विनाशाच्या काळाशी त्याची सांगड घातली जाते.

जीवाश्मविद : लुइस व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये इरिडियम या धातूच्या असाधारण प्रमाणावरून उल्कापाताचा सिद्धान्त मांडला, आणि 1991 पर्यंत मेक्सिकोतील चिक्शुलूब येथील विवराशी त्याचा संबंध जोडला गेला. दुसऱ्या बाजूला दख्खनचा लाव्हा त्याच सुमारास ओतला गेला, म्हणून वायू आणि हवामानबदल यांनी विनाश झाला किंवा त्याला हातभार लागला, असा पक्ष आहे. या वादात लमेटाइतके मोक्याचे ठिकाण जगात दुसरे नाही, कारण इथे डायनोसॉर आणि लाव्हा एकाच उभ्या छेदात, एकमेकांवर आहेत. इतकेच नव्हे, तर कच्छमधील अंजार येथे लाव्हाच्या प्रवाहांमधील गाळातही डायनोसॉरचे अवशेष मिळाले आहेत, म्हणजे पहिला लाव्हा आल्यावरही ते काही काळ टिकून होते. धार जिल्ह्यातून 2017 ते 2020 या काळात नोंदलेली आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेली 92 घरटी व 256 अंडी, तसेच त्यांत ओळखलेले अंड्यांचे सहा प्रकार पाहता, अंताच्या जवळच्या काळातही त्यांची पैदास भरभरून होत होती, असे म्हणता येते. हे जगाला जीवाश्मांनीच सांगितले.

स्तरविद : घरटी पुष्कळ होती, हे ती सांगतात; ती अंताच्या किती आधीची होती, हे सांगत नाहीत. मास्ट्रिख्टियन टप्पा साठ लाख वर्षांचा आहे, आणि घरट्यांचा थर त्या काळात कुठे बसतो, हे लाख वर्षांच्या अचूकतेने कुणालाही ठाऊक नाही. मातीत चुन्याचे जाड पापुद्रे बनण्यास हजारो वर्षे लागतात, आणि त्या काळात वर नवा गाळ फारसा पडत नाही. म्हणून लमेटाच्या पातळ थरांत साचण्याचा काळ थोडा आणि थांबलेला काळ फार, अशी स्थिती आहे. शिवाय लाव्हा सगळीकडे एकाच वेळी पोहोचला नाही. कालमापनासाठी वापरले गेलेले उत्तम नमुने मुख्यतः पश्चिम घाटातील आहेत, जिथे प्रवाहांची एकत्र जाडी हजार मीटरांहून अधिक आहे, आणि लमेटा मात्र ट्रॅपच्या उत्तर व पूर्व कडांना आहे. त्यामुळे चंद्रपूरच्या, जबलपूरच्या आणि बालासिनोरच्या लमेटावरचा पहिला प्रवाह हा एकाच क्षणाचा खुणेचा दगड मानता येत नाही. पश्चिम घाटातही एकमत नाही. ब्लेअर शोन यांच्या गटाने युरेनियम-शिसे पद्धतीने आणि कोर्टनी स्प्रेन यांच्या गटाने आर्गॉन पद्धतीने केलेली मापने 2019 मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाली, आणि उल्कापाताच्या आधी किती लाव्हा ओतला गेला, यावर ती जुळली नाहीत. सारा मुख्य उद्रेक सुमारे दहा लाख वर्षांच्या आत आटोपला, एवढ्यावर मात्र दोन्ही गटांचे मतैक्य आहे.

जीवाश्मविद : म्हणजे डायनोसॉरांच्या अंताविषयी लमेटाने काहीच सांगू नये, असे आपले म्हणणे आहे काय?

स्तरविद : सांगावे, पण जेवढे त्याच्या क्षमतेत आहे तेवढेच. अर्धकोरड्या पूरमैदानात, विषुववृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या तेव्हाच्या भारतीय भूखंडावर, टायटॅनोसॉर सामूहिक घरटी करत होते. गवत, ताड व सूचिपर्णी खाणारे प्राणी तिथे होते. त्यांच्या घरट्यांवर साप जात होते. आणि लाव्हाचे पहिले प्रवाह आल्यानंतरही काही ठिकाणी ते टिकून होते. शेवटचा डायनोसॉर कुठल्या प्रवाहाखाली गेला, हा प्रश्न विचारायचा, तर लमेटाचा थर आणि त्यावरचा बेसाल्ट यांच्यामधील काळ प्रत्येक खोऱ्यात स्वतंत्रपणे मोजावा लागेल.

जीवाश्मविद : हे मान्य करता येईल, पण एका अटीवर. सुट्या जीवाश्मांना दुय्यम ठरवून वेचणे बंद झाले, तर पिसदुऱ्यासारखे शोध पुन्हा लागणार नाहीत. डोंगरगावच्या टेकडीतून सोहन लाल जैन यांनी 1980 च्या दशकात काढलेला सांगाडा पुढे जैन आणि सास्वती बंद्योपाध्याय यांनी 1997 मध्ये वर्णिला आणि 2003 मध्ये त्याला भारतीय सांख्यिकी संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘इसीसॉरस’ हे नाव मिळाले. तो भारतातील सर्वांत पूर्ण टायटॅनोसॉरांपैकी एक आहे. असा सांगाडा रोज मिळत नाही, आणि तो मिळेपर्यंत तुकड्यांवरच काम चालवावे लागते.

स्तरविद : तुकडे वेचण्याला विरोध नाही, वेचताना तुकडा कुठून उचलला, कोणत्या थराच्या किती वर होता, हे न लिहिण्याला आहे. मोबाइलमधील उपग्रहाधारित स्थाननोंद आणि थराचे छायाचित्र यांना आता काही मिनिटेही लागत नाहीत.

या वादातून जो निष्कर्ष निघतो, तो कोणत्या एका पक्षाच्या विजयाचा नाही, तर प्रश्नांच्या प्रकारांचा आहे. एखादा प्राणी किंवा वनस्पती त्या काळी होती काय, हा अस्तित्वाचा प्रश्न आहे, आणि पिसदुऱ्याच्या विष्ठाश्माप्रमाणे पुरावा स्वतःत बंद असेल, तर सुटा जीवाश्मही त्याचे उत्तर देऊ शकतो. हाडे कोणत्या एका प्राण्याची आहेत, साप अंड्यापाशी का होता, हा संबंधाचा प्रश्न आहे, आणि त्याला मूळ जागेची नोंद अपरिहार्य आहे, हे रैयोलीच्या नकाशाने आणि ढोली डुंगरीच्या शिळेने सिद्ध झाले आहे. कोण आधी, कोण नंतर, आणि अंत कधी झाला, हा क्रमाचा प्रश्न आहे, आणि त्याला हाडही पुरेसे नाही आणि एका जागेचा थरही पुरेसा नाही. त्यासाठी वेगवेगळ्या खोऱ्यांतील थर आणि लाव्हा यांची काळाच्या एकाच पट्टीवर मांडणी करावी लागते, जी अजून पूर्ण झालेली नाही. लमेटाविषयीच्या बऱ्याच चुका एका प्रकारच्या पुराव्याकडून दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाचे उत्तर मागितल्यामुळे झाल्या आहेत. साधर्म्यावरून काढलेले ट्युरोनियन वय आणि सुट्या मणक्यांवरून काढलेल्या प्रजाती ही त्याची दोन ठळक उदाहरणे आहेत.

या विवेचनाला व्यवहाराचीही एक बाजू आहे. भेडाघाट-लमेटाघाट परिसर 2021 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत नोंदला गेला आणि रैयोली येथे जीवाश्म उद्यान उभे राहिले, परंतु चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव यांसारखी ठिकाणे नांगरल्या जाणाऱ्या शेतांत आणि साध्या टेकड्यांत आहेत. तिथले जतन म्हणजे फक्त हाडांचे जतन, असे मानले, तर हाडे उचलून संग्रहालयात नेल्यावर काम संपल्यासारखे वाटेल. परंतु थरातील क्रम, चुन्याच्या खड्यांचे पापुद्रे आणि बेसाल्टशी असलेली सीमारेषा हीच क्रमाच्या प्रश्नाची सामग्री असेल, तर ती खाणकाम, रस्ते व सपाटीकरण यांत नष्ट होण्यापूर्वी मोजून, छेदचित्रे काढून, नमुन्यांसह नोंदवून ठेवणे हे उत्खननाइतकेच महत्त्वाचे काम ठरते, आणि पिसदुऱ्याच्या शेतात पुढचा विष्ठाश्म उचलणाऱ्या अभ्यासकाने त्याबरोबर शेताची जागा आणि मातीच्या थराची उंची लिहून ठेवणे, हे त्या कामाचे पहिले पाऊल आहे.